थंडीतून आलेला गावठी गुलाब

गुलाबाच्या बाबतीत ‘गावठी’ हा शब्द आपण फार खात्रीने वापरतो. कुठल्याही नर्सरीत गुलाबाच्या दोन रांगा दिसतात. एका रांगेत लांब देठाचे, मोठ्या फुलांचे, फोटोची चिठ्ठी अडकवलेले ‘हायब्रीड’. दुसऱ्या रांगेत काळ्या पिशवीतली, चिठ्ठी नसलेली, जरा विस्कटलेली झुडपं. ती ‘गावठी’ किंवा ‘देशी’. पहिला गुलाब दिसायला, दुसरा वासाला. देवाला वाहायचा, हारात ओवायचा, गुलकंदात घालायचा तो दुसराच.

माझं गाव मुकुटबन, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातलं. कापसाचा आणि चुनखडीचा मुलूख. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा गावातल्या अंगणातसुद्धा एखादं गावठी गुलाबाचं झाड तग धरून असतं. त्यामुळे ते इथलंच, या मातीतलंच असं वाटणं साहजिक आहे.

पण ते इथलं नाही. त्याचं कूळ शोधत मागे गेलं की आपण फार थंड ठिकाणी जाऊन पोचतो. गेल्या दोनशे वर्षांत सुगंधी गुलाबाच्या घराण्यात जे मोठे बदल झाले, त्यांतले बरेचसे बर्फ पडणाऱ्या देशांतल्या माणसांनी स्वतःच्या हिवाळ्याशी भांडताना केले. त्या भांडणातून निघालेली काही झाडं तिथल्यापेक्षा आपल्याकडे जास्त रुजली. ती आपल्याकडेच का रुजली, या प्रश्नाला हवामान हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नावातच पाणी

सुरुवात शब्दापासून करू. ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत ‘गुलाब’ म्हणजे फुलाचं पाणी, गुलाबजल. आपल्याकडे पाण्याचं नाव फुलाला चिकटलं. मग पाण्यासाठी वेगळा शब्द हवा म्हणून आपण ‘गुलाबपाणी’ केलं, म्हणजे एका शब्दात पाणी दोनदा आलं. दरबारातल्या ‘अत्तर-गुलाब’ या जोडशब्दात मात्र जुना अर्थ शाबूत आहे. तिथला गुलाब फूल नाही, गुलाबदाणीतून शिंपडायचं पाणी आहे.

याचा अर्थ, आपल्या भाषेत गुलाब आधी वास म्हणून आला आणि नंतर फूल म्हणून. संस्कृतात त्याला ‘शतपत्री’, ‘तरुणी’, ‘सेवंती’ अशी नावं आहेत. त्यातलं ‘सेवंती’ मराठीत ‘शेवंती’ झालं आणि भलत्याच फुलाला जाऊन बसलं. हिंदीत मात्र ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब, असा अर्थ उरला आहे.

ज्या गुलाबाचं पाणी काढत, तो दमास्क गुलाब. सीरियातल्या दमास्कस शहराचं नाव त्याला मिळालं असलं तरी तोही मूळचा तिथला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दिसलं की दमास्क हा तीन जंगली जातींचा संकर आहे, आणि त्यातली एक जात मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर वाढते. कडक हिवाळा, मग छोटा वसंत, त्यात एकदाच भरभरून फुलणं आणि पुन्हा वर्षभर गप्प, असा त्याचा स्वभाव. बल्गेरियातल्या कझानलकच्या खोऱ्यात आजही मे-जूनमध्ये हे गुलाब पहाटे खुडतात, कारण ऊन चढलं की तेल उडून जातं. एक किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात.

भारतात या गुलाबाची शेती उत्तरेतच स्थिरावली. कनोज, हाथरसजवळचं हसायन, गाझीपूर, राजस्थानातलं पुष्कर. गुलाबाचं अत्तर नूरजहाँच्या आईने शोधलं, गरम गुलाबजलावर तरंगणारा तेलाचा तवंग तिने गोळा केला, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. गाझीपूरच्या गुलाबाच्या मळ्यांची कीर्ती एवढी होती की त्या ओढीने रवींद्रनाथ ठाकूर १८८८ साली तिथे जाऊन राहिले होते.

या गावांमध्ये एक गोष्ट समान आहे. तिथे हिवाळा खरोखरचा असतो. दमास्कला कळी धरण्याआधी थंडीचा मुक्काम लागतो, मग मार्च-एप्रिलमध्ये तो फुलतो. हिमाचलातल्या पालमपूरच्या सीएसआयआरच्या संस्थेने दमास्कचे ‘ज्वाला’ आणि ‘हिमरोझ’ असे दोन वाण दिले आहेत, त्यातला ‘हिमरोझ’ तर खास थंड भागासाठी. आमच्याकडे थंडी येते ती डिसेंबर-जानेवारीत पाहुण्यासारखी. स्वेटर बाहेर काढावा आणि घडी मोडायच्या आत परत ठेवावा, इतकीच. म्हणजे मुकुटबनच्या अंगणात बारा महिने अधूनमधून फुलणारा गुलाब नुसता दमास्क असू शकत नाही. त्याच्यात आणखी कोणीतरी मिसळलेलं आहे.

बिघडलेला ब्रेक

ते ‘आणखी कोणीतरी’ चीनचं आहे.

चिनी माळ्यांनी शेकडो वर्षं एक वेगळाच गुलाब जोपासला होता. फूल लहान, वास सौम्य, पण झाड सतत फुलणारं. त्याच्या चिनी नावाचा अर्थच ‘महिन्याच्या महिन्याला’ असा आहे. हे कसं घडतं ते अलीकडे कळलं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक असतं, त्याचं काम फुलणं रोखून धरण्याचं. साध्या गुलाबात हिवाळ्यानंतर हा ब्रेक सुटतो, झाड फुलतं आणि वसंत सरला की ब्रेक पुन्हा लागतो. चिनी गुलाबात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आहे. त्यामुळे ब्रेक निकामी झाला. २०१२ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. माझ्या धंद्यात अशा गोष्टीला बग म्हणतात, आणि कधीकधी तो बग गिऱ्हाइकाला इतका आवडतो की दुरुस्त करायला कोणी धजत नाही. गुलाबाचं तेच झालं. आज बाजारात दिसणारा बाराही महिने फुलणारा जवळजवळ प्रत्येक गुलाब हा एकच बिघाड अंगावर घेऊन फिरतो.

युरोपकडे तेव्हा याच्या बरोबर उलट माल होता. त्यांच्या दमास्क, गॅलिका, सेंटिफोलिया गुलाबांना वास अप्रतिम होता आणि ते बर्फातही टिकत, पण फुलत वर्षातून एकदाच. चिनी गुलाब सतत फुलायचा, पण थंडी त्याला मानवत नव्हती. दोघांचं लग्न लागावं असं कुठल्याही माळ्याला वाटणारच.

ते लग्न ठरण्याच्या वाटेवर कलकत्ता होतं. चीनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांना कँटन बंदराच्या आत फारसं शिरता येत नसे. तिथल्या रोपवाटिकांतून घेतलेली झाडं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढत. महिनोन्‌महिने प्रवास, खारा वारा, गोड्या पाण्याची मारामार. निम्मी झाडं वाटेतच मरत. १७८७ साली स्थापन झालेली कलकत्त्याची वनस्पती बाग ही या प्रवासातली विश्रांतीची जागा. झाडं तिथे उतरत, रुजत, वाढत, मग पुढच्या जहाजाने निघत. १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्याकडे इंग्लंडमध्ये गडद लाल चिनी गुलाब फुलला आणि पाठोपाठ गुलाबीही पोचला. १८०९ आणि १८२४मध्ये चहासारख्या वासाचे आणखी दोन गेले.

फ्रेंचांनी या गुलाबाला ‘बंगालचा गुलाब’ म्हटलं, कारण तो तिकडून येताना दिसला. लिनीअसने तर १७५३ सालीच ‘रोझा इंडिका’ असं नाव छापून ठेवलं होतं. चिनी झाडाला भारतीय नाव पडलं ते असं. जिथून पार्सल सुटलं तो पत्ता वाचला गेला, जिथे माल बनला तो नाही. ‘गावठी’ या शब्दाचंही असंच काहीतरी आहे.

बेटावरचं कुंपण

लग्न मात्र इंग्लंडमध्ये लागलं नाही. ते लागलं हिंदी महासागरातल्या एका फ्रेंच बेटावर, तेही कोणी न लावता.

आजचं रेयुनियाँ तेव्हा बूर्बाँ बेट म्हणून ओळखलं जाई. तिथले शेतकरी शेताच्या कडेने गुलाबाचं कुंपण लावत. काही ठिकाणी गुलाबी चिनी गुलाब, काही ठिकाणी शरद ऋतूत दुसऱ्यांदा फुलणारा दमास्क. दोन्ही कुंपणं शेजारी आली आणि मधमाश्यांनी उरलेलं काम केलं. त्या कुंपणात उगवलेलं एक वेगळं झाड कोणाच्या तरी नजरेस पडलं. बेटावरच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८१९च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला धाडलं. तिथे बूर्बाँ गुलाबांचं घराणं सुरू झालं. दमास्कचा वास आणि चिनी गुलाबाचा पुन्हा पुन्हा फुलण्याचा स्वभाव पहिल्यांदा एकत्र नांदू लागला.

बेटावर या गुलाबाला एदुआर म्हणत. तमिळनाडूत आणि कर्नाटकात आज हार-वेण्यांसाठी ज्याची शेती होते, तो ‘एडवर्ड’ गुलाब याच नात्यातला. शेतकरी त्याला देशीच म्हणतात. वास भरपूर, पाकळ्या भरपूर, ऊन सोसणारा. पण बूर्बाँच्या वंशजांना युरोपच्या थंड भागात एक मोठी अडचण होती.

वनाधिकाऱ्याचा हट्ट

थंडीने झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? आधी पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी गोठतं. हा बर्फ पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतो. बाहेर बर्फाचा ढीग असताना झाड आतून तहानेने वाळतं. थंड मुलखातली झाडं याची तयारी करतात. दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबवायची, कोवळी फूट बंद करायची, पेशींत साखर साठवायची. साखरेचं पाणी उशिरा गोठतं. उबदार भागातून आलेला चिनी गुलाब ही तयारीच करत नाही. नोव्हेंबरातसुद्धा तो कोवळे फुटवे काढत बसतो आणि पहिल्याच कडाक्यात जळून जातो. बारमाही फुलणं आणि वेळेवर थांबणं ही दोन्ही कामं एकाच झाडाकडून करून घेणं अवघड आहे.

हे अवघड काम अंगावर घेणाऱ्यांत एक होता रुडॉल्फ गेश्विंड. जन्म १८२९, बोहेमियातल्या टेप्लित्झ गावचा. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. गेश्विंड ऑस्ट्रियन साम्राज्याच्या वनखात्यात नोकरीला होता. नोकरीच्या निमित्ताने तो कार्पफेनला राहिला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे, क्रुपिना नावाने. डोंगराळ भाग, कडक हिवाळा. फ्रान्समध्ये फुलणारे नाजूक गुलाब तिथे दोन वर्षं जगत नसत.

गेश्विंडने ठरवलं की गुलाब झाकून जगवायचा नाही, हिवाळा सोसणारा गुलाबच घडवायचा. त्याने रानटी युरोपीय गुलाब घेतले, अमेरिकेच्या माळरानावरचा गुलाब घेतला आणि त्यांचा सुगंधी, बारमाही घराण्यांशी संकर केला. काही वाणांना त्याने ‘नॉर्डलांड’ म्हणजे उत्तरेकडच्या देशाचे गुलाब असं नाव दिलं. नोकरी सांभाळून शंभराहून अधिक वाण त्याने काढले. गुलाबाचा एक संकर म्हणजे परागकण हाताने लावणं, फळ पिकायची वाट पाहणं, बी पेरणं, फुलायची वाट पाहणं आणि बहुतेक रोपं फेकून देणं. एका प्रयत्नाचा निकाल कळायला दोन-तीन वर्षं. टेस्ट रन सुरू करून चहा प्यायला जाणाऱ्या माझ्यासारख्याला हा धीर कल्पनेतही पेलत नाही.

१८९७ साली त्याचा एक गुलाब बाजारात आला. नाव ‘ग्रुस आन टेप्लित्झ’, म्हणजे टेप्लित्झला नमस्कार. नोकरीसाठी गाव सोडून दूर राहिलेल्या माणसाने आपल्या गावाला धाडलेला हा निरोप. या गुलाबाच्या वंशावळीत बूर्बाँ आहे, चिनी आहे, चहाच्या वासाचाही आहे. फूल मध्यम, रंग रक्तासारखा गडद लाल, वास मसालेदार आणि दाट. पुन्हा पुन्हा फुलणारा. एकच खोट, मान लेची. फूल उमललं की खाली झुकतं.

युरोपच्या बागांत त्याचं कौतुक झालं. पण विसावं शतक गुलदस्त्याचं होतं. ताठ देठ, उंच टोकदार कळी, फुलदाणीत सरळ उभं राहणारं फूल, ही नवी कसोटी आली. १८६७च्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबापासून सुरू झालेलं हायब्रीड टी घराणं त्या कसोटीला उतरलं. मान वाकवणारा गुलाब मागे पडला.

भारतीय उपखंडाच्या मैदानात मात्र उलटं घडलं. इथे फूल फुलदाणीत ठेवायची रीतच नव्हती. फूल देठापासून तोडायचं, सुईने ओवायचं, देवावर वाहायचं, नवरदेवावर उधळायचं, मजारीवर पसरायचं, साखरेत मुरवायचं. यातल्या एकाही कामाला मानेची गरज नाही. लागतात त्या पाकळ्या, रंग आणि वास. ग्रुस आन टेप्लित्झकडे हे तिन्ही होते, शिवाय त्याच्या चिनी रक्ताला ऊन चालत होतं. पाकिस्तानी पंजाबात या गुलाबाला ‘सुर्खा’ म्हणतात आणि पाकळ्यांसाठी त्याची शेती होते. भारतातल्या फुलशेतीच्या पुस्तकांत तो सुट्या फुलांच्या वाणांत येतो. बर्फाशी झगडणाऱ्या माणसाच्या हातून घडलेलं झाड उन्हाच्या देशात देशी होऊन बसलं.

उरलेलं अर्धं उत्तर ते हे. गुलाब कुठे टिकेल ते हवामान ठरवतं, पण त्याचा वास टिकेल की नाही हे त्या फुलाचं लोक काय करतात यावर ठरतं.

जमिनीत झोपवलेली झाडं

गेश्विंडचा हट्ट नंतर अमेरिकेत आणि कॅनडात चालू राहिला. ओटावाच्या सरकारी संशोधन शेतावर व्हिएन्नात जन्मलेल्या फेलिसिटास स्वेडा यांनी जपानच्या समुद्रकाठचा रुगोसा गुलाब हाताशी घेतला. या जातीला लवंगेसारखा वास असतो आणि ती कडाक्याची थंडी सहज सोसते. त्यांच्या गुलाबांना मार्टिन फ्रोबिशर, जॉन कॅबट, विल्यम बॅफिन अशा दर्यावर्दींची नावं आहेत. त्यातला फ्रोबिशर १९६८चा. आयोवात ग्रिफिथ बक यांनी तर सरळ नियम केला. फवारणी नाही, हिवाळ्यात झाकणं नाही, जे जगेल ते आपलं. त्यांचा १९७७चा ‘केअरफ्री ब्यूटी’ पुढे टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या केटी रोडवर कोणालातरी सापडला, तोही नावाची चिठ्ठी हरवलेला. लोकांनी त्याला ‘केटी रोड पिंक’ म्हणून वाढवलं आणि टेक्सासच्या उन्हात टिकणाऱ्या भरवशाच्या गुलाबांत त्याची गणना झाली. थंडीसाठी निवडलेलं झाड पुन्हा एकदा उन्हात रमलं. लाड न करता जगणारं झाड दोन्हीकडे जगतं, एवढा साधा हिशोब.

टोरांटो, शिकागो, मिनियापोलिसच्या बाजूला गेलेल्या मराठी घरांत हा प्रश्न आजही प्रत्यक्ष उभा राहतो. परसात वासाचा गुलाब हवा असतो, आणि पहिल्या हिवाळ्यात दुकानातलं झाड मरतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे वसंतात भलताच गुलाब फुलतो. कारण दुकानातला गुलाब डोळा भरलेला असतो. वरचा भाग मेला की खालच्या रानटी खुंटाचा फुटवा वर येतो. म्हणून थंड देशात डोळ्याचा सांधा दोन-तीन इंच मातीखाली पुरतात, किंवा स्वतःच्या मुळांवर वाढलेलं झाड घेतात. मग वरचं सगळं जळालं तरी खालून मूळ गुलाबच फुटतो. ऑगस्टनंतर खत बंद करतात, म्हणजे झाड वेळेवर थांबायला शिकतं. जमीन गोठू लागली की बुंध्याशी फूटभर मातीचा ढीग लावतात. मिनेसोटात तर झाडाच्या एका बाजूची मुळं मोकळी करून अख्खं झाड चरात आडवं झोपवतात, वर माती आणि वाळका पाला घालतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभं करतात. पहिला बहर जूनमध्ये येतो. त्यानंतर फुलत राहणारं झाड असेल तर गौरी-गणपतीला घरची फुलं मिळतात.

आमच्याकडे हाच खेळ आरशात बघितल्यासारखा आहे. महाराष्ट्रात गुलाबाची छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. त्यानंतर दीडेक महिन्याने कळ्या येतात आणि थंडीत झाड सर्वांत सुंदर दिसतं. तिकडचा हिवाळा गुलाबाला झोपवतो, आपला हिवाळा त्याला जागवतो. आपल्याकडे झाड लपवायचं असतं ते उन्हाळ्यापासून. तिकडे नोव्हेंबरात मातीचा ढीग, इकडे एप्रिलमध्ये बोरीची सावली आणि बुंध्याशी पालापाचोळा.

मुकुटबनमध्ये आणखी एक शत्रू आहे, तो पायाखाली. गुलाबाला किंचित आंबट माती आवडते. आमची जमीन चुनखडीची. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या उरतात, जणू पानावर कोणी नकाशा काढला आहे. लोक याला रोग समजून फवारणी करतात. खरा उपाय म्हणजे भरपूर शेणखत, पानगळीचं खत आणि पाण्याचा निचरा. कुंडीत किंवा वाफ्यात आपली माती आपणच बनवायची.

वास कुठे गेला

आता उलट दिशेचा प्रवास. पुण्याजवळच्या मावळात, तळेगावच्या बाजूला, पॉलीहाऊसमध्ये ‘डच गुलाब’ पिकतो. सह्याद्रीच्या कडेचं थंड हवामान त्याला मानवतं. जानेवारीच्या शेवटी व्हॅलेंटाइन डेसाठी तो परदेशात निघतो, बर्फाखाली झोपलेल्या युरोपात. दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून गुलाब नेणारे त्याला जिवंत ठेवण्यासाठी धडपडत होते. आता शीतपेटीतून नेणारे त्याला उमलू न देण्यासाठी धडपडतात. ताठ देठ, घट्ट कळी, दहा-बारा दिवस टिकणारं फूल. वास मात्र नाही.

तो कोणी मुद्दाम काढला नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड देठाची, रंगाची आणि टिकाऊपणाची झाली. वासाला त्या यादीत रकानाच नव्हता. ज्या गोष्टीची चाचणी होत नाही ती हळूहळू मोडते, हे सॉफ्टवेअरवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ या दोन गुलाबांची तुलना केली. बिनवासाच्या गुलाबात एनयूडीएक्स१ नावाचं विकर जवळजवळ गप्प होतं. गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक जेरानिऑल, तो तयार होण्यात या विकराचा हात आहे. मार्ग सापडल्यामुळे वास परत आणण्याचे प्रयत्न सोपे होतील. पण मागणी कोणाची? फुलदाणीला नाक नसतं.

नाक आहे ते हार ओवणाऱ्याला, गुलकंद करणाऱ्याला. विदर्भात पानठेल्यावर चमच्याने पानावर फासला जातो तो गुलकंद म्हणजे गुलाबाचा खरा आश्रयदाता. पाकळ्या आणि खडीसाखर एकाआड एक थर लावून बरणी उन्हात ठेवायची. कनोजच्या अत्तराला भट्टी लागते. गुलकंदाला आमचं एप्रिलचं ऊन पुरतं. जे ऊन झाडाला जाळतं, तेच पाकळी मुरवतं. पण बाजारच्या गुलकंदात वास बाहेरून घालता येतो, आणि हारात वास नसलेला गुलाब किंवा थेट प्लास्टिकचं फूल ओवता येतं. मग काळ्या पिशवीतल्या बिनचिठ्ठीच्या झाडाला कोण विचारणार?

हा प्रश्न उगाच भावुक होऊन विचारलेला नाही, कारण गुलाबाचा वाण टिकण्याची रीतच वेगळी आहे. गव्हाचं बी पेरलं की गहूच येतो. गुलाबाचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. वाण टिकतो तो फक्त काडी लावून किंवा डोळा भरून. म्हणजे ग्रुस आन टेप्लित्झचं आज जगात असलेलं प्रत्येक झाड हा गेश्विंडच्या बागेतल्या एकाच रोपाचा तुकडा आहे. हातातून हातात जाणारी ही साखळी एका पिढीने सोडली की वाण संपतो.

१९१० साली गेश्विंड वारला. त्याचा गुलाबांचा संग्रह मारिया हेन्रिएटा चोटेक या सरदारघराण्यातल्या बाईंनी विकत घेतला आणि स्लोव्हाकियातल्याच डोल्ना क्रुपाच्या आपल्या बागेत लावला. युरोपातल्या नामांकित गुलाबबागांत ही बाग गणली जाई. १९१४ साली सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडसोबत मारली गेलेली त्याची बायको सोफी याच चोटेक घराण्यातली. त्या गोळ्यांनी पेटलेल्या महायुद्धाने ही बागही उद्ध्वस्त केली. गेश्विंडचे बरेच वाण कायमचे गेले. काही वाचले ते जर्मनीतल्या झांगरहाउझेनच्या गुलाबसंग्रहात. आणि एक वाचला तो हजारो मैलांवर, त्याचं नाव उच्चारता न येणाऱ्या माणसांच्या शेतात, कारण त्यांना त्याच्या पाकळ्या रोज लागत होत्या.

म्हणून ‘गावठी’ या शब्दाशी माझं भांडण नाही. तो जन्मगाव सांगत नाही, पण कोणी सांभाळलं ते सांगतो. आपल्या अंगणातलं झाड दमास्ककडचं आहे, एडवर्ड आहे, ग्रुस आन टेप्लित्झ आहे की यांच्यातलंच कोणी मिसळलेलं, हे पिशवी सांगत नाही. पण ते वर्षभर फुलत असेल तर त्याच्यात चीनचा बिघडलेला ब्रेक आहे, आणि त्याला दाट वास असेल तर कोणीतरी, कुठेतरी त्या वासासाठी त्याची काडी पुढे दिली आहे.

पुढची काडी द्यायला फार काही लागत नाही. छाटणीच्या दिवसांत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी घ्यायची. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली तिरका. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. सावली, ओलावा आणि दीड-दोन महिने वाट. रोप वाढवून कोणाला द्याल तेव्हा पिशवीला एक चिठ्ठी अडकवा. वाणाचं नाव माहीत नसेल तर निदान एवढं लिहा: हे झाड कोणत्या गावच्या कोणत्या अंगणातून आलं.